दवाईतले ढेकूण

मारोतरावांनी ढेकूण तिसऱ्यांदा मोजले आणि टोपी काढून ते कपाशीच्या दोन ओळींमध्ये खाली बसले. देवसिंगच्या शेताच्या ज्या अर्ध्या भागात निंबोळीचा काढा फवारला होता, तिथल्या वीस झाडांवर दोनशे अठ्ठावीस लाल ढेकूण निघाले होते. ज्या अर्ध्यात काहीच फवारलं नव्हतं, तिथल्या वीस झाडांवर अकरा.

"मी उलटं तं नाई लिहिलं?" त्यांनी वही देवसिंगसमोर धरली.

देवसिंगला वाचता येत नव्हतं. त्याने वहीकडे पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं. "वहीचं मले नाई समजत साहेब. पण ढेकणं तं दवाईतच दिसून राह्यले."

साल एकोणीसशे एकसष्ट. मारोतराव मूळचे वणीचे, महागावला शेतकी खात्यात हंगामी सहायक होते. लाल ढेकूण बोंडातली सरकी शोषतो आणि रुईला डाग पाडतो. निंबोळीच्या काढ्याने तो हटतो का, हे पाहायचा प्रयोग त्यांच्याकडे आला होता. आकडे नीट आले तर नागपूरच्या प्रयोगशाळेत कायमची जागा मिळेल, असं तिथल्या कीटकशास्त्राच्या साहेबांनी सांगितलं होतं. मारोतरावांच्या बायकोने तेवढ्यावर नागपुरात पाणी कोणत्या भागात बरं येतं याची चौकशीही करून ठेवली होती.

देवसिंगचा बंजारा तांडा त्यांनी मुद्दाम निवडला होता. माणसं कष्टाळू, शेतं चोख. देवसिंगची बायको सुखीबाई त्यांना 'भिया' म्हणजे भाऊ म्हणे. तिने स्वतः चार दिवस बसून निंबोळ्या कुटल्या होत्या, त्या भिजवून काढा फडक्यातून गाळून दिला होता. शेताच्या मधोमध चुन्याने रंगवलेले दगड लावले होते. अलीकडे दवाई, पलीकडे बिनदवाई. यात चुकायला जागा कुठे होती, हेच मारोतरावांना कळेना.

काढा पातळ झाला असेल, असं त्यांनी ठरवलं आणि दुप्पट निंबोळ्या घालून पुन्हा फवारला. पुढच्या सोमवारी दवाईच्या अर्ध्यात चारशे दहा ढेकूण निघाले. दुसऱ्या अर्ध्यात सहा. आणखी एक विचित्र गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. शेजारच्या हरिसिंगच्या शेतात तर एकही ढेकूण नव्हता. त्याच्या पलीकडे भीमसिंगचं शेत, तेही साफ. साऱ्या तांड्याचे ढेकूण देवसिंगच्या अर्ध्या शेतात जमले होते आणि झाडं खालून वरपर्यंत लाल दिसत होती.

"साहेब," देवसिंग जरा बिचकतच म्हणाला, "या दवाईत गूळ-गीळ तं नाई ना?"

"निंबोळी हाय बाप्पा. कडू जहर. तुझ्या घरीच तं कुटली."

"मंग गोड काहून लागून राह्यली त्यायले?"

मारोतरावांनी आकडे लपवले नाहीत. जसे होते तसे नागपूरला कळवले. उत्तर आलं : बाजू बदला. मारोतरावांनी दगडांच्या पलीकडे काढा फवारला आणि अलीकडचा अर्धा मोकळा सोडला. आठवड्याने येऊन पाहतात तर सगळे ढेकूण दगड ओलांडून पलीकडे गेलेले. अलीकडे नऊ, पलीकडे पाचशेच्या वर. त्या दिवशी ते महागावला परतताना सायकलवर न बसता ती हातात धरून अर्धी वाट चालत गेले. आपण सायकल घेऊन आलो आहोत हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं.

हे आकडे पाहून साहेब मात्र हरखले. ते स्वतः जीपने आले, भिंग घेऊन झाडं पाहिली आणि म्हणाले, "मारोतराव, हा शोध आहे. निंबोळीच्या वासाने हा किडा ओढला जातो. शेताच्या एका कोपऱ्यात काढा फवारायचा, सगळे ढेकूण तिथे गोळा करायचे आणि मारायचे. पुढच्या महिन्यातल्या परिषदेत मी हे मांडणार. तुमचं नाव त्यात येईल."

नाव येणार म्हटल्यावर मारोतरावांना आनंद व्हायला हवा होता. पण लहानपणापासून ते धान्यात कडुलिंबाचा पाला घातलेला बघत आले होते, तो किडे यावेत म्हणून घालतात असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तरी साहेब शिकलेले होते. त्यांनी मान हलवली.

"फक्त एक पाहायचं राहिलं," साहेब म्हणाले. "हे ढेकूण नेमके कोणत्या वेळी चालत जातात? उद्या पहाटेपासून आपण बांधावर बसू."

दुसऱ्या दिवशी उजाडताना साहेब आणि मारोतराव तुरीच्या आडोशाला बसले. थंडी होती. ढेकूण बोंडांना चिकटून गप्प बसले होते, चालायचं नाव नव्हतं. जराशाने तांड्याकडून बांगड्या वाजल्या. पुढे सुखीबाई, मागे हरिसिंगची मानीबाई, तिच्यामागे आणखी पाच बाया. प्रत्येकीच्या हातात मडकं, मडक्यावर फडकं. त्या ओळीने दवाईच्या अर्ध्यात शिरल्या, फडकी सोडली आणि मडकी झाडांवर झाडली.

साहेब उठले. "बाई, हे काय करता तुम्ही?"

अनोळखी माणूस पाहून बाकीच्या बायांनी पदर ओढले. सुखीबाई मारोतरावांना ओळखून म्हणाली, "ढेकणं दवाईत टाकून राह्यलो भिया."

"कायले पण?" मारोतरावांनी विचारलं.

"आता कायले म्हणजे? दवाई पुरली नाई तुमची. अर्ध्याच वावराले देल्ली. मंग ज्या ढेकणायले भेटली नाई त्यायले मी रोज वेचून इकडं आणते. थंडीत सुस्त राह्यते ते, लवकर वेचल्या जाते." तिने मागे हात केला. "या म्हणे, आमच्या वावरात तं थेंबभर बी नाई देल्ली. म्हटलं आणा तुमचे बी. सरकारी दवाई हाय, कोनाची मनाई थोडीच हाय."

"बाजू बदलल्यावर?" साहेबांनी विचारलं.

"तवा दवाई तिकडं गेली ना. मंग आमी बी तिकडं टाकाले लागलो."

"अवं, मले सांगाचं तं होतं एकदा," मारोतराव म्हणाले.

"तुमी इचारलं कुठी? तुमी आले का ढेकणं मोजता. मले वाटलं, आमी किती आणले तेच मोजून राह्यले."

देवसिंग धार काढून तिथे पोचला तेव्हा साहेब बांधावर बसून परिषदेचा कागद चार घड्या करून खिशात घालत होते. काय झालं ते ऐकून देवसिंग बायकोकडे पाहतच राहिला. रोज पहाटे ती घरात नसते हे त्याला ठाऊक होतं, पण सरपणाला जाते असं तो समजत होता.

साहेब रागावले नाहीत. अजून एक महिना हाताशी होता. त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि अर्धा भाग बिनदवाईचा का ठेवायचा ते समजावलं. एकीकडे दिली, एकीकडे नाही, म्हणजे फरक कळतो. काढा ताजा करून पुन्हा एक अर्धा फवारला. "आता महिनाभर एकाही बाईने ढेकणाला हात लावायचा नाही," ते म्हणाले. सुखीबाईने सगळ्यांच्या वतीने शब्द दिला.

महिन्याने साहेब पुन्हा जीपने आले. मारोतराव मधल्या काळात आले नव्हते, कारण मोजणी साहेबांसमोरच व्हायची होती. दोघांनी दवाईच्या अर्ध्यातली वीस झाडं पाहिली. एकही ढेकूण नाही. मारोतरावांचा ऊर भरून आला. मग दोघे दगड ओलांडून बिनदवाईच्या अर्ध्यात गेले. तिथेही एकही नाही. पानं पुसल्यासारखी, बोंडं पांढरीशुभ्र, ओळींमध्ये गवताची काडी नाही.

मारोतराव सुखीबाईकडे वळले.

"म्या हात नाई लावला भिया. एकीनं बी नाई लावला. शब्द देल्ला होता."

देवसिंग जरा पुढे झाला. त्याने नवा फेटा बांधला होता. "साहेब, बायायले मनाई होती ना, तं म्या अन् हरिसिंगनं काल दिवसभर बसून सारं साफ केलं. नागपूरचे पाव्हणे येणार अन् वावरात ढेकणं? बरं दिसते का ते?"

मारोतरावांनी वही उघडली. "साहेब, निष्कर्षात काय लिहू?"

"लिहा, निष्कर्ष निघाला नाही."

"अन् कारण?"

साहेबांनी त्या स्वच्छ कपाशीवरून एकदा नजर फिरवली. "कारण लिहा, शेतकरी फार मेहनती." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुमची नागपूरची जागा मी वर्षभर धरून ठेवतो. पण पुढच्या वेळी एखादा आळशी शेतकरी शोधा बुवा."

हळू बोललेलं देवसिंगने ऐकलं. "आळशी पाहिजे तं हाय ना साहेब. माझा साळा किसनसिंग. पेरलं का वेचणीलेच वावरात जाते. त्याच्यासारखा आळशी साऱ्या मुलखात नाई भेटणार."

मारोतरावांनी ताबडतोब नाव लिहून घेतलं. सुखीबाईला मात्र भावाविषयीचं हे बोलणं लागलं.

"काई काळजी नोका करू भिया," ती मारोतरावांना म्हणाली. "त्याचं वावर इथून कोसभरच हाय. मी रोज सकाळी जाऊन पाहत जाईन."