बेपोची बोट आणि सीचा कागद

"डी!" क्रशेवान म्हणाला. "तुझ्या बोटीला डी मिळणार. ताटातल्या पाण्यात चालवायची बोट ती."

बेपोने वाइनचा पेला गुत्त्यातल्या टेबलावर आपटला. तीन वर्षं अंगणात खपून त्याने ती लाकडी बोट बांधली होती, आणि त्या तीन वर्षांत त्याच्या बायकोला, टोंकाला, कपडे वाळत घालायला जागा उरली नव्हती. "संत रोकोच्या सणापर्यंत बोट विकली गेली नाही, तर तू तिच्यातच झोपायचंस," असं तिने स्वच्छ सांगितलं होतं. सण परवावर आला होता. गिऱ्हाईक तयार होतं, स्लोव्हेनियातला एक दातांचा डॉक्टर. पण विकायची म्हणजे बोट कुठल्या पाण्यात चालेल याचा सरकारी कागद हवा. ए महासागराला, बी खोल समुद्राला, सी किनाऱ्यालगत आणि डी म्हणजे वीतभर लाटेला.

"सी मिळणार!" बेपो गरजला. "पैज?"

"पैज! हरेल त्याने रविवारी चर्च सुटताना, लहान पोरांचे पोहायचे फुगे दंडाला लावून धक्क्यावरून उडी मारायची. सगळ्या बेटासमोर."

शनिवारी बोट धक्क्याजवळ पाण्यात उतरवली आणि सरकारी इन्स्पेक्टर आला. वाळक्या अंगाचा, नाकावर चष्मा. म्हणाला, "चार माणसं बसवा. सगळी एका बाजूला सरकतील, बोट किती कलते ते मी मोजीन."

क्रशेवान स्वतः बसला, वर बेटावरचे तीन सगळ्यात जाडे गडी घेऊन आला.

"अरे, हे काय? माणसं आणलीस की गोदाम?" बेपो चिडला.

"चार म्हणाले ना साहेब? मोज, चारच आहेत."

इन्स्पेक्टर पट्टी काढतोय, तोवर बाराची फेरीबोट भोंगा देत शिरली. आता बेटावर माणूस मरायला टेकलेला असला तरी फेरीबोटीतून कोण उतरतंय ते बघायला उठून बसतो. चौघेही ताडकन उभे राहिले आणि एकाच काठावर लोंबकळले.

"बसा रे! बसा, नालायकांनो!"

"थांब जरा! ती मारिच्याची सून ना? पुन्हा आली?"

बोट कलली. क्रशेवानची टोपी पाण्यात गेली. काठ पाण्यापासून चार बोटांवर आला. बेपोने डोळे मिटले. पण पाणी काही आत आलं नाही.

"उत्तम," इन्स्पेक्टर म्हणाला. "मी यांना बसवूनच बोट कलवणार होतो, हे तर उभे राहिले. सी. माणसं चार."

बेपोने साहेबांचे दोन्ही गाल चुंबले. क्रशेवानने टोपी पाण्यातून काढून पिळली. एवढ्यात त्याच फेरीबोटीतून डॉक्टर उतरले. मागे बायको, तिच्या मागे चार पोरं.

"चार?" कागद वाचून डॉक्टर म्हणाले. "आम्ही सहा आहोत."

"अहो, बसा की सहा! आमच्याकडे अकरा माणसं आणि एक गाढव नेतात."

"कागदावर चार, तर चारच. नाहीतर नको मला बोट."

बेपो धावतच इन्स्पेक्टरकडे गेला. "साहेब, सहा करा ना!"

"सहा बसली की बोट खाली दबते. मग मोठ्या लाटेत नेता येत नाही. सहाला डी."

"मग दोन्ही लिहा!"

"आज एकच वर्ग लिहिता येतो. दोन्हीला मुख्य कचेरीची परवानगी लागते, ती ऑक्टोबरमध्ये मिळेल."

बेपोने डॉक्टरांकडे पाहिलं. "आम्हाला काय, खाडीतच फिरायचंय," डॉक्टर म्हणाले. मग बेपोने वर आपल्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे टोंका ओल्या चादरींची टोपली कमरेवर घेऊन उभी होती.

"साहेब," बेपो दातओठ खात म्हणाला, "डी द्या."

"वीस वर्षांत वर्ग खाली करा म्हणणारा पहिलाच माणूस बघतोय मी," म्हणत साहेबांनी आणखी दोघांना बसवून पुन्हा मोजलं आणि शिक्का मारला.

"काय म्हणालास, बेपो?" क्रशेवान ओरडला. "जरा मोठ्याने! मागे ऐकू आलं नाही!"

रविवारी चर्च सुटलं आणि अख्खं बेट धक्क्यावर लोटलं. फुगे डॉक्टरांच्या धाकटीचे, गुलाबी, बदकाच्या चित्रांचे. ते बेपोच्या दंडात कोपराच्या वर चढेनात. "साबण लाव!" क्रशेवान सांगत होता. सगळ्यात जोरात हसत होती टोंका.

बेपो शिव्या घालत धपकन पडला आणि नाकातोंडातून पाणी उडवत वर आला. समोरूनच डॉक्टरांचं कुटुंब नव्या बोटीतून पहिल्या फेरीला निघालं होतं.

"बाबा," धाकटी म्हणाली, "या काकांनाही घेऊ या ना. बुडतायत ते."

"नाही गं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "सहाच चालतात."