हिरव्या वायरीचा अर्थ

एका जंगलात, बाळांनो, शिकलेल्या जनावरांचा फार सुळसुळाट झाला होता. त्या दिवसांतली ही गोष्ट. पाय पोटाशी घ्या आणि ऐका.

त्या जंगलात साळोजी नावाचं साळिंदर राहायचं. त्याला वाचता यायचं, आणि ते तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

शेजारी ओढ्याकाठी ढालोजी हे म्हातारं कासव होतं. त्याची बायको चंद्री तीन पावसाळ्यांपूर्वी गेली. तिचा आवाज तेवढा एका कॅसेटवर उरला होता. झालं असं, की घोरपडीच्या लग्नात मंगलाष्टकं भरायला टेप चालू ठेवला होता, आणि त्यात चंद्री नवऱ्याला बोलली ते भरलं गेलं. घोरपडीने कॅसेट रागाने फेकली. ढालोजीने उचलून ठेवली.

आता म्हाताऱ्याचे कान जात चालले होते. टेपचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचेना. थंडी पडली की तो मातीत जाऊन झोपायचा, आणि या खेपेला उठेपर्यंत कान राहतील असं काही त्याला वाटत नव्हतं. त्याआधी एकदा तिची बोलणी खायची होती. दुसरं मागणं नव्हतं.

साळोजीने काटे फुलवून शब्द दिला. कानाला लावायचं यंत्र मी स्वतः बनवतो, म्हणाला, वहिनींचा श्वाससुद्धा ऐकू येईल.

माकडाकडे तयार डबी मिळत होती. बटण दाबलं की काम झालं. पण साळोजीने नाक मुरडलं. विकतच्या डबीत जीव नसतो, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हमधून आलेला आवाज कसा उबदार असतो, असं त्याचं म्हणणं. त्याची बायको साळू म्हणाली, "उबदारच हवाय तर म्हाताऱ्याच्या डोक्यावर गोधडी घाला."

नदीपलीकडून खोकं आलं. आत काचेचे दोन व्हॉल्व्ह, पत्र्याची पेटी, वायरींचं भेंडोळं, कानाला लावायची चकती, मुगाएवढे रंगीत दाणे आणि एक कागद. दाणे हरवू नयेत म्हणून साळोजीने ते आपल्या काट्यांवर अडकवले. लाल उजवीकडे, निळे डावीकडे. मग महिनाभर त्याला कुशीवर वळता आलं नाही. साळू लांब झोपायची. तशी ती आधीही लांबच झोपायची.

एकेक दाणा काढायचा, तार वाकवायची, डाख द्यायचा. डाख देताना दोनदा मिशी जळाली. पितर झाले, दसरा झाला, दिवाळीचा फराळ संपला. ढालोजी रोज यायचा आणि कॅसेट पोटाखाली धरून बसायचा. झालं का विचारलं, की साळोजी सांगायचा, घाईत केलं तर आवाज थंड निघतो.

शेवटी सगळं जागेवर बसलं. हातात एक हिरवी वायर तेवढी उरली. साळोजीने कागद उचलला. शेवटची ओळ होती, ‘सर्व जोडणी झाल्यावर अर्थ लावा.’

साळोजी गंभीर झाला.

साळू चुलीपुढून म्हणाली, "अहो, ती हिरवी वायर लावा की. पेटीतून काढून ओल्या मातीत. माझ्या माहेरचं बीळ गिरणीच्या मागे होतं. गिरणीवाला रोज सकाळी ओरडायचा, अर्थला पाणी घातलं का म्हणून."

"गिरणीत पीठ दळतात," साळोजी म्हणाला, "अर्थ नाही."

आणि त्याने वायर खोक्यात टाकून दिली.

गावच्या तारेवर आकडा टाकून वीज आणली होती. जंगलात सगळे तशीच आणायचे. साळोजीने बटण दाबलं. व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखे लाल झाले. चकती कानाला लावून बघतो तर काय, नुसतं घूंऽऽऽ. मधमाश्यांची दहा पोळी एकदम उठावीत तसं. पेटीला हात लावला तर अंगभर झिणझिण्या, आणि सगळे काटे ताठ.

साळोजीने घुबडशास्त्र्यांना बोलावलं. शास्त्रीबुवांनी कागद वाचला, डोळे मिटले, घूं ऐकलं. म्हणाले, चुकलेलं काही नाही. हा आदिनाद आहे. झिणझिण्या म्हणजे अनुग्रह. आता आपण याचा अर्थ लावायला बसू.

बसले. आठ दिवस बसले. कोल्हा, मुंगूस, पाणकोंबडी, सगळे रांग लावून पेटीला हात लावून जायचे आणि कपाळाला माती लावायचे. मंडळ निघालं. माकड त्याचं अध्यक्ष झालं.

ओढ्याकाठची माती गार पडू लागली. ढालोजी रांगेत उभा राहिला. त्याची कॅसेट टेपात घातली, चकती कानाला लावली. तो पुष्कळ वेळ ऐकत राहिला.

"बाबा रे," तो म्हणाला, "यात माझी बायको कुठाय?"

शास्त्रीबुवा म्हणाले, ती नादात विलीन झाली.

"नाही," ढालोजी म्हणाला. "ती कशात विलीन होणारी नव्हती." आणि मान खाली घालून मातीकडे निघाला.

साळू उठली. तिने आकडा काढला, खोक्यातून हिरवी वायर घेतली. एक टोक पेटीच्या स्क्रूखाली दाबलं, दुसरं खिळ्याला गुंडाळलं, आणि खिळा ओल्या मातीत ठोकून वर तांब्याभर पाणी ओतलं. आकडा पुन्हा टाकला. म्हाताऱ्याला वाटेतून ओढून आणलं आणि त्याच्या कानाला चकती लावली.

घूं गेलं. मंगलाष्टकं आली, आणि मधेच, अगदी कानाशी, चंद्री आली.

"अहो, मठ्ठ्याची ही चौथी वाटी. लोक बघतायत. ठेवा ती खाली."

ढालोजीने रिकामा हात हळूच खाली ठेवला. मग जन्मभराच्या सवयीने मान आत ओढून घेतली, कानावरच्या चकतीसकट. नंतर कितीतरी वेळ तो बाहेर आला नाही. आतून मधूनमधून एवढंच ऐकू यायचं, "हो, हो. ठेवली."

इकडे मंडळात रडारड. घूं नाही, झिणझिण्या नाहीत, काटे ताठ होत नाहीत. साळूने जागृत यंत्र विटाळलं असा ठराव झाला. साळोजीने ठरावावर सही केली आणि नदीपलीकडून दुसरं खोकं मागवलं.

या खेपेला त्याने हिरवी वायर आधीच नदीत सोडली.

तात्पर्य: वस्तू चालू झाली की तिचा अर्थ लावायला काही उरत नाही. म्हणून बाळांनो, शहाण्याने एक वायर नेहमी बाहेर ठेवावी, आणि ती गिरणीमागे वाढलेल्या बायकोच्या हाती लागू देऊ नये.