चार तारांचे दत्तूअण्णा

आमच्या ऑर्केस्ट्रातल्या दत्तूअण्णांच्या गिटारीला चारच तारा होत्या आणि त्यांच्या डाव्या हाताला अंगठा धरून तीनच बोटं.

गिटारीला सहा तारा असतात, हे तोवर संगमनेरात सगळ्यांना कळलं होतं. सत्तर-एकाहत्तरचा सुमार. कार्यक्रम संपला, की कोणीतरी स्टेजपाशी येऊन विचारायचंच, "बाकीच्या दोन तारा कुठं गेल्या हो?"

अण्णा डावा हात वर करत. मधलं बोट नाही, त्याच्या शेजारची अनामिका नाही.

"दोन बोटं कमी, म्हनून दोन तारा कमी करून घेतल्या. हिशेब सरळ हाय."

विचारणारा हळहळून जायचा. ती बास गिटार आहे आणि तिला जन्मतःच चार तारा असतात, हे सांगायची आम्हाला सक्त मनाई होती.

खरं तर ती गिटार आमच्याकडे आली तीच चुकून. आमचे मालक संपतराव मुंबईला जाऊन जुन्या बाजारातून "स्वस्तात गिटार" घेऊन आले. पेटी उघडल्यावर आम्ही तारा मोजल्या आणि संपतरावांकडे पाहिलं. ते म्हणाले, "नव्या पद्धतीची आहे." नवी पद्धत कोणालाच येत नव्हती. महिनाभर ती कोपऱ्यात उभी राहिली. अण्णा तेव्हा आमचे लाउडस्पीकर सांभाळायचे. वायरी जोडता जोडता त्यांनी एक दिवस तिलाही लाउडस्पीकर जोडून जाडी तार ओढली, मंडपाचा खांब थरथरला आणि अण्णा खूश झाले.

"आवाज कसा पोटातनं येतोय!" म्हणाले. झालं. आमच्याकडे बासवाला आला.

तीन बोटांत ते कसं जमायचं, हे मी शेजारी अकॉर्डियन घेऊन बसत असल्यामुळे रोज पाहायचो. अंगठा गिटारीच्या मानेमागे. अंगठ्याशेजारचं बोट मूळ सुरावर. मधे ओसाड रान. आणि पलीकडे करंगळी, ताणून वरच्या तारेवर, मानेवरच्या पट्ट्यांमधली दोन घरं पुढे. तिथे पंचम नेमका सापडायचा. मधल्या घरांतले सूर मात्र मधल्या बोटांच्या वाट्याचे. तिथे अण्णा पहिलं बोटच तारेवरून घसरवत न्यायचे, त्यामुळे सूर रांगत रांगत जागेवर पोचायचा. फारच घाईची जागा आली, तर सरळ गाळून टाकायचे.

"अण्णा, तिथं चार सूर आहेत," मी एकदा म्हणालो.

"हायेत ना. पन दोघांत भागतंय."

गंमत पुढेच आहे. नगरच्या एका ऑर्केस्ट्रात दहा बोटांचा धडधाकट बासवाला होता. त्याला आमच्या अण्णांची ती घसरण इतकी आवडली, की दोन बोटं तळहातात दुमडून तो वाजवायला लागला. लोक टाळ्या देत. अण्णांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं, "मग त्या दोघांचा पगार कापत्यात का न्हाई?"

हात कशात गेला, असं विचारलं तर "उसाच्या चरकात" एवढं एका दमात सांगून ते दुसरा विनोद काढायचे. या माणसाला दुःख म्हणून काही नाही, असा आमचा ठाम समज होता.

त्या वर्षी माझी धाकटी बहीण शांता हिचा उजवा हात कडबा कापायच्या यंत्रात गेला. शेवटची दोन बोटं तुटली. तिचं सासर राहुरीजवळ. जखम भरली, पण हात पदराखालून बाहेर येईना. हळदीकुंकवाला जाईना, चुलीपाशी बसेना. सासूबाई म्हणत, "तिला कोणी काही बोलत नाही हो, तीच बोलत नाही."

राहुरीत आमचा कार्यक्रम झाला, त्या रात्री मी अण्णांना तिचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याकडे निघालो, तर अण्णा गिटार खांद्याला लावून बरोबर. मला धास्ती वाटली. हा माणूस तिथे तारांचा हिशेब सांगत बसला तर?

अण्णांनी चहा घेतला, इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "ताई, पीठ कुठं हाय?"

शांतानं माझ्याकडे पाहिलं. मी आढ्याकडे.

अण्णांनी हात धुतले, चुलीपुढे बसून बाजरीचं पीठ मळलं आणि भाकरी थापायला लागले. उजव्यानं थापायची, डाव्या तीन बोटांनी कड वळवायची. मान खाली घालूनच बोलत होते.

"ह्या हाताला पैल्यांदी भाकरी शिकवली. गिटार लई मागनं. सुरवातीची भाकरी कुत्र्यानंबी हुंगून सोडली."

"घरात कोणी नाही का?" शांतानं विचारलं.

"लगीन ठरलं हुतं. चरकात हात गेला, मग पोरीच्या बापानं दुसरीकडं बघितलं. वरीसभर मी हात उपरण्यात गुंडाळून हिंडलो. कुनाम्होरं जेवलो न्हाई."

मी विनोदाची वाट पाहत राहिलो. तो आला नाही. भाकरी मात्र एका कडेनं फाटली.

"अहो अण्णा, असं नाही! कडेला एवढं दाबू नका," शांता पुढे सरकली आणि तिनं ते पीठ त्यांच्या हातातून ओढून घेतलं. उजव्या हातानं. पहिली भाकरी परातीतच मोडली. तिचे डोळे भरले. अण्णांनी नुसतं पीठ पुढे सरकवलं. दुसरी वाकडी झाली, पण तव्यावर टाकली तशी टम्म फुगली.

अण्णा ती कोरडीच खाऊ लागले. बराच वेळ खात होते.

निघताना शांतानं फडक्यात भाकरी बांधून त्यांच्या हातात दिल्या. "आज संध्याकाळी चूल पेटवू नका," म्हणाली.

एसटीत बसल्यावर त्यांनी गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि ते गरम फडकं स्वतःच्या. संगमनेर येईपर्यंत दोन्ही हात त्याच्यावर होते आणि तोंड खिडकीकडे.