वांगासह हजर

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंच्या डाव्या गालावर वांग होता. गाल त्यांचा असला तरी वांगाची जबाबदारी संपूर्ण कार्यालयाने उचलली होती. पाण्याच्या दाबाबद्दल आमच्याकडे फारसं कोणाला कळत नाही. वांगाबद्दल मात्र सगळ्यांनाच कळतं. मी बाईंच्या शेजारच्या टेबलावर बसतो, त्यामुळे सल्ल्याचा पहिला मान माझा. मी लिंबू सुचवलं. हिशेबनीसांनी बटाट्याची चकती सुचवली. टंकलेखक बाई म्हणाल्या, "फार मनाला लावून घेता हो तुम्ही, तेच गालावर येतं." शिपायाने तर "पोट साफ असतं ना?" असं भर खिडकीवर विचारलं. त्यात कोणालाही काही वावगं वाटलं नाही, कारण हेतू चांगला होता.

घरीही तीच तऱ्हा. सासूबाई आल्यागेल्याला ऐकवायच्या, "आमच्या घरात आली तेव्हा गाल कसा लख्ख होता! आता इथे काय कमी पडलं तिला, देव जाणे."

बाई सगळ्यांना "बरं, बघते" म्हणायच्या आणि पुढची तक्रार घ्यायच्या. कामाला वाघ. तक्रार विभागाच्या प्रमुखाची खुर्ची लवकरच रिकामी होणार होती आणि त्या खुर्चीवर बसायचं हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते त्यांनी मला बोलूनही दाखवलं होतं. अट एकच होती, हजेरीत खंड पडता कामा नये.

तर याच सुमारास कार्यालयात चेहरा ओळखणारं हजेरीचं यंत्र आलं. ते बसवायला आलेला तंत्रज्ञ बाईंपुढे येऊन खूश झाला. "बाई, गाल जरा इकडे करा. वा! काय झकास खूण आहे. आता यंत्र तुम्हाला जन्मात विसरणार नाही." त्या वांगाचं कौतुक करणारा हा पहिलाच माणूस.

आणि मग, एवढे जाणकार हाताशी असताना, बाई परस्पर त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू? डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "लिंबू सरबतात पिळा, गालावर नको. रोज उन्हाआधी हे मलम, डोक्यावर रुंद काठाची टोपी, रात्री हे दुसरं मलम. आणि धीर धरा. रगडून काढायला जाल तर आणखी गडद होईल."

बाईंनी धीर धरला. वांग हळूहळू फिका होत गेला आणि एक दिवस जवळजवळ दिसेनासा झाला. कार्यालयात कोणाच्याही ते लक्षात आलं नाही. मी आपला रोज सकाळी लिंबाची आठवण करत होतोच.

लक्षात आलं ते यंत्राच्या. एका सकाळी ते म्हणालं, "ओळख पटत नाही. कृपया संबंधित कर्मचाऱ्यास पाठवावे."

बाई तडक साहेबांकडे गेल्या. साहेब फार सज्जन माणूस, नियमाबाहेर पाण्याचा घोटही घेत नाहीत.

"तुम्ही आज गैरहजर आहात," साहेब म्हणाले.

"साहेब, मी तुमच्यासमोर उभी आहे."

"एक माणूस म्हणून मला ते मान्य आहे. पण कार्यालयाच्या दृष्टीने तुम्ही घरी आहात."

"मग चेहरा नव्याने नोंदवून घ्या."

"अवश्य! फक्त नव्या नोंदीच्या दिवशी कर्मचारी हजर असावा लागतो. आणि तुम्ही तर गैरहजर आहात."

बाई खुर्चीवर जाऊन बसल्या आणि कामाला लागल्या. त्यातून प्रकरण आणखी चिघळलं. बाई गैरहजर, तरी त्यांच्या खिडकीवरच्या तक्रारी धडाधड मिटत होत्या. साहेबांनी चौकशी लावली की, गैरहजर कर्मचाऱ्याच्या खुर्चीत बसून काम उरकणारी ही अनोळखी स्त्री कोण? चौकशी माझ्याकडे आली. मी शेजारी पाहिलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ओळखता ना मला?" त्यांनी विचारलं. मी नियमानुसार उत्तर दिलं, "चेहरा ओळखीचा वाटतो, पण खात्रीने सांगता येत नाही."

"शाबास!" बाई म्हणाल्या. त्या खरोखर चिडल्या होत्या. दिवसभर त्यांनी मला आपल्या डब्यातलं काही हवं का, असं विचारलं नाही.

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. "तुम्ही वांग परत आणा. तात्पुरता. प्रमुखपदाची मुलाखत होईपर्यंत."

बाई पुन्हा डॉक्टरीण बाईंकडे गेल्या. "उन्हात उभ्या राहिलात तर येईल परत," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "पण मी औषध द्यायला बसले आहे, आजार द्यायला नाही."

मग बाईंच्या यजमानांनी भुवया कोरायची पेन्सिल हाती घेतली. रोज सकाळी खिडकीपाशी स्टुलावर बाई आणि समोर यजमान. "अगं, हलू नकोस. कडा बिघडते."

"अहो, उशीर होतोय. कडा कोण बघतंय?"

"यंत्र बघतं! कानाकडे जरा फिका होता ना गं?"

"तुम्हालाच ठाऊक. मी काय स्वतःचा गाल बघत बसते?"

यंत्राने पहिल्याच दिवशी "स्वागत आहे" म्हटलं. कार्यालयातही सगळ्यांचं लक्ष गेलं. "अरेरे, वांग वाढला की हो!" हिशेबनीस हळहळले. मी म्हणालो, "तरी मी लिंबू सांगत होतो."

साहेबांना मात्र यातून दृष्टी मिळाली. त्यांनी परिपत्रक काढलं: प्रत्येक कर्मचाऱ्याने आपला चेहरा नोंदणीच्या दिवशी होता तसाच राखावा. नोंदणीच्या दिवशी हिशेबनीसांची दाढ सुजली होती. ते आता रोज गालात कापसाचा बोळा कोंबून येऊ लागले आणि हिशेब खुणेने सांगू लागले. टंकलेखक बाईंना त्या दिवशी सर्दी होती. त्या दारात मिरपूड हुंगून नाक लाल करून घेत. मी नोंदणीच्या वेळी डुलक्या काढत होतो, त्यामुळे मला मात्र काही बदल करावा लागला नाही.

मुलाखतीचा दिवस उजाडला. वरच्या कार्यालयातून तिघांची समिती आली. बाई वांगासह हजर झाल्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"सगळं उत्तम आहे. पण प्रमुखाला लोकांसमोर बसावं लागतं. गालाचं तेवढं काहीतरी करा. लिंबू लावून पाहिलंत?"

बाईंनी पाण्याचा पेला उचलला, रुमाल भिजवला आणि भर मुलाखतीत गाल पुसून काढला.

समिती दचकली. दुसरे सदस्य म्हणाले, "वा, आता शोभता! पण यंत्राच्या नोंदीतल्या बाई या नव्हेत. त्या कुठे गेल्या?"

"एक दिसायला चालत नाही, दुसरी हजर नाही," बाईंचा आवाज चढला. "दोघींपैकी कोणालाही एक प्रश्न कामाचा विचाराल का? मी इतकी वर्षं काम केलंय इथे. गालाने नाही केलं!"

तिघांनी आपापले कागद चाळून पाहिले. समितीकडे कामाचा प्रश्नच नव्हता. बऱ्याच वेळाने तिसऱ्या सदस्यांना एक सुचला. "माझ्या घरी पाणी गढूळ येतं. गल्लीत बाकी सगळ्यांकडे स्वच्छ. असं का?"

"तुमचं घर गल्लीच्या टोकाला आहे?"

"हो! तुम्हाला कसं कळलं?"

"गल्लीतल्या जलवाहिनीच्या टोकाला गाळ साचतो. टोकाची झडप उघडून साचलेलं पाणी सोडून द्यावं लागतं. उद्याच माणूस पाठवते."

समितीने दार बंद करून बराच खल केला आणि निर्णय दिला: सदर कर्मचारी गैरहजर राहूनही सर्वाधिक तक्रारी मिटवतात, हजर राहिल्या तर काय करतील याची कल्पनाच केलेली बरी, सबब, नेमणूक करण्यात यावी.

बाई आज त्या खुर्चीवर आहेत. यंत्र त्यांनी पहिल्याच दिवशी माळ्यावर टाकलं. तिसऱ्या सदस्यांच्या घरी स्वच्छ पाणी येतं. सासूबाई आता आल्यागेल्याला सांगतात, "आमच्या घरात आली म्हणून एवढी मोठी झाली."

ही हकीकत मी आजवर पुष्कळांना सांगितली. पोट धरून हसतात, साहेबांना मूर्ख म्हणतात, मलाही म्हणतात. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच जवळ सरकतात आणि विचारतात, "ते मलम कोणतं हो?" बाईंना खुर्ची मिळाली की नाही, हे अजून एकानेही आपणहून विचारलेलं नाही. तुम्हाला तर मी न विचारताच सांगून टाकलं. आणि तुम्ही मात्र मघापासून गालावर हात ठेवून मलमाच्या नावासाठी थांबला आहात.