मागच्या सीटची पारख

"यंदा पंचमीला मी येत न्हाई, आई," असं राजेश्रीनं फोनवर सांगितलं आणि चंद्रभान कदमांच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

कारण कंबर. पालमहून तिच्या माहेरी, पूर्णेला, जायचं तर एसटी बदलावी लागते आणि सणाच्या गर्दीत जागा काही मिळत नाही. गेल्या वर्षी राजेश्री उभ्यानं गेली. आईनं अंगणातल्या चिंचेला झोका बांधून ठेवला होता. पण लेक पोहोचली ती थेट बाजेवर आडवी झाली आणि कमरेला शेक घेत घेत झोक्याकडे नुसती बघत राहिली. आताही फोनवरून आईचा "बरं माय, जप" एवढाच आवाज आला, आणि तो फारच बारीक होता.

चंद्रभानरावांचा बायकोवर जीव होता. (लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर पालममध्ये अशी गोष्ट मोठ्यानं बोलत नाहीत, म्हणून त्यांनीही कधी बोलून दाखवली नव्हती.) चहा संपेपर्यंत त्यांचं ठरलं. मोटारसायकल घ्यायची आणि हिला पंचमीला आपल्या गाडीवर पूर्णेला न्यायचं.

अडचण एवढीच, की त्यांनी जन्मात गाडी चालवली नव्हती. ते शाळेत क्लार्क. रोज त्याच शाळेतल्या बन्सीधर सरांच्या मागे बसून जायचे. वरातीला मागे, मयतीला मागे, इतकंच काय, राजेश्रीला बघायला गेले तेही मामांच्या मागे बसूनच. मागे बसण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

बन्सीधर सरांनी आपल्या जुन्या, बुटक्या गाडीवर त्यांना मैदानात शिकवलं. चंद्रभानराव एकदा खो-खोच्या खांबाला भेटून आले, पण शिकले. लायसनही निघालं. मग दोघं गंगाखेडच्या शोरूमला गेले.

"बसून बघा, काका," विकणारा पोरगा म्हणाला.

काका बसले. मागच्या सीटवर.

"पुढं बसा की!"

"पुढचं मी बघून घेतो रे. मागं बसणारीचं बघू दे आदुगर."

एका गाडीवर ते एका बाजूला पाय सोडून बसले, मांडीवर पिशवी घेतली (पिशवी ते घरूनच घेऊन आले होते) आणि म्हणाले, "सर, तुमी जरा पुढं बसून खड्ड्यात गेल्यावानी करा."

"शोरूममदी खड्डा कुठून आणू?"

"नुसतं हालवा हो."

सरांनी हलवलं. सगळं शोरूम काम सोडून बघत होतं. दुसरी गाडी झाली, तिसरी झाली. कुणाची सीट टोचत होती, कुणाची उतरती होती. शेवटी एका उंचापुऱ्या गाडीवर बसल्यावर चंद्रभानरावांचे डोळेच मिटले. गादीसारखी रुंद सीट, पाय ठेवायला ऐसपैस जागा, आणि साडी चाकात जाऊ नये म्हणून भक्कम जाळी. "हीच," ते म्हणाले. मायलेज विचारायचं राहूनच गेलं.

गाडी घरापर्यंत अर्थातच सरांनी आणली. मालक मागे.

दारात राजेश्री ताट घेऊन उभी होती. तिनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. आता लिंबांवरून गाडी न्यायचा मान मालकाचा. गल्ली गोळा झाली. चंद्रभानराव पहिल्यांदाच पुढच्या सीटवर चढले, पाय खाली सोडला, आणि जमीन काही नेहमीच्या जागी लागेना. ते तसे ठेंगणेच. (लग्नाच्या फोटोत ते पायरीवर उभे आहेत, ते उगाच नाही.)

"सोडू का?" गाडी धरून उभे असलेले सर म्हणाले.

"सो... नका सोडू!"

पण सरांनी पहिलंच अक्षर ऐकलं. लिंबं फुटली, गाडी चार हात सरळ गेली, तिनं थोडा विचार केला आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या ढिगात सावकाश आडवी झाली.

राजेश्री धावत आली. "आवो, लागलं का?"

कडब्यातून आवाज आला, "सीटला काय झालं न्हाई ना?"

गाडी उचलून उभी करून गर्दी पांगल्यावर ते ओट्यावर मान खाली घालून बसले. "वापस देतो उद्या. उंची बघायचीच राह्यली."

"मग येवढा येळ बघितलं काय?"

"मागची सीट. तुझी कंबर दुखू नये म्हून."

राजेश्रीचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत या माणसानं आपल्यासाठी असं काही केलंय, आणि केलंय ते सगळं उलटं, याचं तिला हसूही येत होतं. तिनं पदर खोचला, चावी घेतली आणि गाडीवर बसली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले. गाडी सुरू झाली, कोपऱ्यापर्यंत गेली, वळली आणि ओट्यापाशी येऊन गुपचूप थांबली.

"तुला येती?"

"म्हायेरी रेल्वे कॉलनीत दादाची गाडी मीच फिरवायची. लायसन बी हाय."

"मग आजवर सांगितलं कामून न्हाई?"

"आपल्या घरी गाडी कुठं व्हती?"

पंचमीला ते पूर्णेला पोहोचले. राजेश्री पंजाबी ड्रेस घालून पुढे, चंद्रभानराव पिशवी घेऊन मागे. आईनं भाकरतुकडा ओवाळला तो चालवणारीवरून. राजेश्रीनं पाणीही न पिता झोका गाठला आणि पहिलाच असा उंच घेतला की चिंचेचा पाला खाली आला. तिला तसं बघून चंद्रभानरावांचा ऊर भरून आला.

"पाव्हणं, तुमाला तर तरास न्हाई ना झाला?" सासूबाईंनी विचारलं.

"छे छे, मामी! सीट लय झकास हाय. मी सोता पारखून घेतलीय."

"त्यास्नी कसला तरास!" झोक्यावरून राजेश्री ओरडली. "पालम सुटलं न सुटलं की घोरायलेत. पडतील म्हून ओढणीनं बांधून आणलंय!"

चंद्रभानरावांनी खाली पाहिलं. राजेश्रीनं ओढणीचं आपल्याकडचं टोक तेवढं सोडवून घेतलं होतं; गाठ अजून त्यांच्या पोटावरच होती.