फलकावरची कोरी तारीख

जगात आजवर असा एकही दिवस उगवलेला नाही, ज्या तारखेला पूर्वी काहीतरी भयंकर किंवा थोर घडून गेलेलं नव्हतं. या सत्याची कदर करणारं एकमेव कार्यालय म्हणजे आमचं पाणीपुरवठा कार्यालय. कोणाला नावं ठेवायची नाहीत असा माझा नेम आहे, त्यामुळे पुढचं सगळं कौतुकच समजावं.

दारातच काळा फलक आहे. सकाळचा जप आटोपून आले की साहेबांच्या जाडजूड दिनविशेष ग्रंथातून त्या तारखेच्या घटना मी खडूने त्यावर उतरवते. मग पूर्ण कार्यालय त्या घटनांना मान देतं. लढाई असेल तर मौन. तह असेल तर साहेबांचं भाषण (लढाई परवडली). शोध असेल तर चर्चा. कोणा थोराचा जन्म असेल तर चहा, मृत्यू असेल तर बिनसाखरेचा चहा. गेल्या वर्षी आम्ही एक हजार चारशे बारा घटनांना मान दिला. त्याच वर्षात अकरा नळ जोडले गेले. (दोन्ही कामं एकाच कर्मचारीवर्गाने केली, हे विशेष.)

आमच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एक मावशी एकट्या राहतात. वय एकाहत्तर, एक गुडघा कामातून गेलेला. गेल्या वर्षी त्यांनी नळजोडणीचा अर्ज देऊन सात महिने झालेले, फक्त साहेबांची सही बाकी. तोवर पाणी खालून, बादलीने. त्या रोज यायच्या, बादलीसकट.

"मावशी, आज नाही जमायचं हो. आज दोन राजे वारले," शिपाई म्हणायचा.

"अगं बाई! कधी?"

"चारशे वर्षांपूर्वी."

"मग एव्हाना सावरले असतील की घरचे!"

शिपाई गंभीरपणे म्हणायचा, "साहेब अजून सावरले नाहीत."

एकदा त्या जिन्यात बसलेल्या दिसल्या. बादली अर्धी सांडलेली. "बाई," त्या मला म्हणाल्या, "तुमच्या त्या पोथीत एखादा दिवस रिकामा नाही का गं?"

पुढच्याच आठवड्यात ग्रंथातलं एक पान नाहीसं झालं. ते कुठे गेलं, हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावंच लागलं असतं. खोटं न बोलण्याचाही माझा नेम आहे.

त्या दिवशी फलक कोरा राहिला. साहेब दोनदा बाहेर येऊन बघून गेले. "काहीच नाही? साधं जहाजसुद्धा बुडालं नाही?"

"ग्रंथात तरी काही नाही, साहेब," मी म्हटलं.

मौन नाही, भाषण नाही. अकरा वाजेपर्यंत साहेबांनी खिडकी तीनदा उघडली, चारदा लावली. (चौथ्यांदा ती लागलेलीच होती.) शेवटी नाइलाजाने त्यांनी फाइल ओढली आणि सही केली. चार दिवसांत मावशींच्या घरी पाणी आलं. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि नळ सोडून नुसतंच दाखवलं.

यंदा त्याच तारखेला मावशी पुन्हा आल्या. नळ गळत होता. तक्रार लिहून आणली होती. पण साहेब इतिहासाला विसरणारे नव्हेत. फलकावर मला एकच ओळ लिहायला सांगितली होती: 'आजच्या दिवशी तिसऱ्या मजल्यावरील नळजोडणी मंजूर.' त्या थोर घटनेच्या सन्मानार्थ कामकाज दिवसभर बंद होतं. उत्सवमूर्ती म्हणून मावशींना पहिल्या रांगेत बसवून चहा दिला, साखरेचा. तक्रार तशीच हातात राहिली.

तुम्ही हसलात, बरं वाटलं. तुम्हीही आज सकाळी फोनवर 'आजच्या दिवशी जगात' वाचलंत, चार जणांना पाठवलंत. मागे स्वयंपाकघरात टप टप आवाज येतोय, तो किती महिन्यांचा?