दोन मालकांचं दुकान

बबनभाऊंनी माझ्या डोळ्यांदेखत एक नवाकोरा टेबलफॅन विकत घेतला आणि पाऊण तासात तो परत नेऊन दिला. पंखा उत्तम चालत होता. आवाज नाही, थरथर नाही, पात्यावर ओरखडा नाही.

मी सोबत होते, म्हणून सांगते. कामशेतच्या बाजारपेठेत माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे आणि भिंतीला भिंत लावून भाऊंचं तांदळाचं. त्या वर्षी उकाडा असह्य झाला, म्हणून आम्ही दोघं पंखे आणायला लोणावळ्याला गेलो होतो. पहिल्या दुकानदाराने पंखा विकताना भाऊंना थंडगार सरबत पाजलं. परत घेताना मात्र त्याने कपाळाला आठ्या घातल्या, सील फुटलं म्हणाला, खोकं चेपलं म्हणाला, आणि शेवटी कुरकुरत पैसे दिले. मग भाऊ रस्ता ओलांडून दुसऱ्या दुकानात गेले. तोच पंखा घेतला, कोपऱ्यावर चहा घेतला आणि तोही परत न्यायला निघाले. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं. हा दुकानदार फक्त म्हणाला, ‘‘असू दे काका, नसेल आवडला.’’ आणि पैसे समोर ठेवले. भाऊंनी ते खिशात घातले, दोन पावलं गेले, मागे वळले आणि म्हणाले, ‘‘द्या तो पंखा. आन् या बाईंनाबी एक द्या.’’

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला आणि मी जमिनीकडे.

‘‘घेताना समदे गोड बोलत्यात, मास्तरीणबाई,’’ भाऊंनी गाडीत मला समजावलं. ‘‘येतानाचं कुनीबी सांगंल. जातानाचं बोला म्हनावं.’’

मी मास्तरीण नाही. लग्नाआधी चार महिने टायपिंग शिकवलं होतं, तेवढ्यावर भाऊंनी ही पदवी दिली आहे. आणि ‘जातानाचं बोला’ हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलं, की माझ्या स्वप्नातही येतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांनी डॉक्टरांना विचारलं, ‘‘बिघडलं तर तुमी कुटं सापडणार?’’ डॉक्टर गोरेमोरे झाले आणि त्यांनी घरचा पत्ता लिहून दिला. भाचीच्या लग्नाच्या बैठकीत तर कहर झाला. सगळं ठरत आलं होतं. सुपारी फुटणार, तेवढ्यात भाऊ नवऱ्या मुलाच्या आईला म्हणाले, ‘‘ताई, उद्या न्हाई पटलं आन् पोरगी न्यायला मी आलो, तर दारात उभा करताल का आत बोलावताल?’’ बहिणीने पदराने तोंड झाकलं. ती बाई मात्र शांतपणे म्हणाली, ‘‘जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही तुम्हाला.’’ भाऊ म्हणाले, ‘‘फोडा सुपारी.’’ ती भाची आज सुखात आहे, आणि तिचा नवरा भाऊंना अजून घाबरतो.

अशा माणसाने एके दिवशी माझ्या दुकानात येऊन जाहीर केलं, की त्यांना ऑनलाइन दुकान काढायचं आहे.

माझ्या हातातला कागद झेरॉक्समध्ये वाकडा गेला. भाऊ चौसष्ट वर्षांचे. फोनवर हिरवं बटण आणि लाल बटण, यापलीकडे त्यांनी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण कारण बरोबर होतं. पावसाळ्यात भुशी धरणावर भिजून, पवना धरणाकडे फिरून परतणारी मुंबईची मंडळी भाऊंकडून इंद्रायणी तांदूळ नेतात, आणि चार महिन्यांनी फोन करतात, ‘संपला, कुरियरने पाठवाल का?’ भाऊ आजवर म्हणत, ‘‘या की पुन्हा फिरायला.’’

‘‘आता न्हाई म्हनायचं न्हाई,’’ ते म्हणाले. ‘‘सांगा, दुकान कितीला पडतं?’’

मी त्यांना समजावलं, की दुकान मांडून देणारी सॉफ्टवेअर तयार मिळतात. फोटो चढवायचे, भाव टाकायचे, पैसे बँकेत येतात. मी तीन निवडली होती. पहिलं जे दाखवलं, ते फुकट होतं. दर विक्रीमागे थोडा हिस्सा कापून घेणारं.

‘‘म्हंजे अडत,’’ भाऊ लगेच म्हणाले. ‘‘जागा फुकट, पन प्रत्येक पोत्यामागं मूठ त्याची. विक्री वाढली की मूठबी वाढनार. बारकं दुकान हाय तवर स्वस्त, मोठं झालं की महाग.’’

हे समजायला मला स्वतःला दोन दिवस लागले होते.

दुसरं महिन्याच्या भाड्याचं होतं, आणि भाडं खरोखर कमी होतं. मीच त्याची तरफदारी करत होते. भाऊंनी विचारलं, ‘‘पाच किलो दादरला धाडला आन् पाच किलो आसामला धाडला, तर गाडीभाडं सारखंच लावनार का?’’ मी शोधलं. वजन आणि पत्ता पाहून भाडं लावायची सोय होती, पण तिचे पैसे वेगळे. बिलावर आपलं नाव छापायचे वेगळे. मराठीत पान दिसायचे वेगळे. भाऊंनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, ‘‘खोली स्वस्त. दार येगळं, खिडकी येगळी, कौलं येगळी. बेरीज करा.’’ बेरीज केली तर ते तिसऱ्या, सगळ्यात महागड्या सॉफ्टवेअरच्या जवळ जाऊन बसलं.

मग तळेगावचा एक तरुण आला. एकदाच पैसे घेऊन स्वतः वेबसाइट बांधून देणारा. हुशार, नम्र. भाऊंनी त्याला तांदूळ दाखवला, पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘परदेशी जायचा इचार हाय का?’’

‘‘भाऊ!’’ मी ओरडलेच.

तो तरुण मात्र पांढराफटक पडला. ‘‘तुम्हाला कोणी सांगितलं? व्हिसा अजून आलेला नाही.’’

‘‘कुनी न्हाई सांगितलं. हुशार हायेस, म्हनून इचारलं. जा बाबा, सुखी ऱ्हा. पन तू गेल्यावर माजं दुकान कोन उघडनार?’’ त्याला दोन किलो इंद्रायणी देऊन त्यांनी वाटेला लावलं.

उरली तयार सॉफ्टवेअर. त्यांच्यात पंधरा दिवस फुकट वापरून बघायची सोय असते. मी मोठ्या उत्साहाने भाऊंचं खातं उघडलं, दुकानाचं नाव टाकलं, तांदळाच्या पोत्याचा सुरेख फोटो चढवला. भाऊंनी पाच मिनिटं कौतुकाने पाहिलं.

‘‘झ्याक. आता बंद करा.’’

‘‘अहो, आत्ताच तर उघडलं!’’

‘‘बंद करता येतंय का ते तर बघू.’’

पहिल्यात ते बटण शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. भाऊ पडद्याकडे बघत म्हणाले, ‘‘आत यायला हत्ती मावंल एवढं दार. भाईर जायला उंदराचं बीळ न्हाई.’’ दुसऱ्याच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, ‘‘सर, काही अडचण आली का?’’

‘‘न्हाई बाळ. समदं चांगलं हाय. म्हनूनच बंद करतुया.’’

मला तिची दया आली. मग भाऊंनी तिला विचारलं, ‘‘समज, तुमची कंपनीच उद्या उठली. माजी गिऱ्हाइकं, त्येंची नावं, पत्ते माज्याकडं ऱ्हातील का तुमच्यासंगं जातील?’’ मुलीने साहेबांना दिलं, साहेबांनी मोठ्या साहेबांना. मोठे साहेब शेवटी म्हणाले, की एवढ्या छोट्या दुकानदाराने हा प्रश्न त्यांना आजवर विचारला नव्हता. मी इतकी वर्षं लोकांचे फॉर्म भरते आहे. मलाही कधी सुचला नव्हता.

त्यानंतर एक खातं पुन्हा उघडायला लावून भाऊंनी स्वतःच्याच ऑनलाइन दुकानातून तांदूळ मागवला. ‘सौ. दमयंती, दादर’ या खोट्या नावाने, माझ्या फोनवरून. आणि मला तक्रार टाइप करायला लावली, की तांदळात खडे निघाले, पैसे परत करा. तक्रार पडद्यावर आली, भाऊंनी वाचली आणि ते संतापले.

‘‘माज्या तांदळात खडा? बाई खोटं बोलतीय! एक रुपया द्यायचा न्हाई!’’

‘‘भाऊ, दमयंती तुम्हीच आहात.’’

‘‘म्हनून काय झालं?’’ ते फणकारले. चहा आला, त्यांनी अर्धा प्यायला आणि जरा वेळाने म्हणाले, ‘‘देऊन टाका तिचे पैसं. पुन्हा आपल्याकडं यायला तिला तोंड ऱ्हायलं पायजे.’’

असे तीन आठवडे गेले. मी एका कागदावर सगळं मांडलं आणि माझं मत दिलं, की भाड्याचं दुसरं घ्या. लागेल ती सोय हळूहळू जोडू. भाऊंनी कागद घडी करून खिशात ठेवला, आणि मग एक नवाच प्रश्न काढला. सगळ्या कंपन्यांना पुन्हा फोन लावायला लावून एकच गोष्ट विचारली.

‘‘दोन मालक चालतील का?’’

पहिल्या दोन्ही कंपन्यांकडून एकच उत्तर आलं. मालक एक. दुसऱ्या माणसाला कर्मचारी म्हणून जोडता येईल.

‘‘कर्मचारी नगं. मालक पायजे.’’

‘‘भाऊ, कर्मचाऱ्यालाही सगळं करता येतं,’’ मी म्हणाले. ‘‘भाव बदलता येतात, ऑर्डर बघता येते. फक्त नाव कर्मचारी.’’

‘‘तेच नाव नगं.’’

दोन पूर्ण मालकांची सोय फक्त त्या तिसऱ्या, महागड्या सॉफ्टवेअरमध्ये होती, तीही त्याच्या सगळ्यात वरच्या दरात. मी आकडा वाचून दाखवला आणि हसले, कारण भाऊ आता काय म्हणणार ते मला ठाऊक होतं.

भाऊंनी खिशातून पाकीट काढलं. ‘‘वर्साचं भरा.’’

‘‘वर्षाचं? आगाऊ? भाऊ, परत मिळणार नाहीत हे पैसे. बंद करायचं झालं तर—’’

‘‘बंद करायचं न्हाई. भरा.’’

पंखा दोनदा परत करणारा हा माणूस. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग पैसे भरले, आणि दुसऱ्या मालकाच्या चौकटीपाशी थांबले. भाऊ एकटे राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दुकानात पोतं उचलायलासुद्धा दुसरा माणूस नाही.

‘‘नाव?’’

‘‘नामदेव.’’ आणि त्यांनी फोन नंबर सांगितला. न बघता, न अडखळता.

‘‘हे कोण, भाऊ?’’

‘‘आमचे अण्णा. थोरले भाऊ.’’

मी तिथे दुकान टाकलं त्याच्या आधीची ही गोष्ट. दोघांनी मिळून ते दुकान उभं केलं होतं. तांदूळ पारखायचा, आणायचा, विकायचा भाऊंनी. लिहायचं अण्णांनी. पोत्यांवरच्या पाट्या, पावत्या, मुंबईच्या गिऱ्हाइकांना पत्रं, सगळं त्यांच्या हातचं. एकदा दिवाळीच्या गर्दीत अण्णांनी कुणालातरी भावात सूट दिली, आणि भाऊंचं डोकं फिरलं.

‘‘भरल्या दुकानात बोललो मी,’’ भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘‘तुमी नुसते लिवनार. मालक मी हाय, तुमी मुनीम. असं म्हनलो. सख्ख्या थोरल्या भावाला.’’

अण्णांनी हातातलं पेन गल्ल्यावर ठेवलं, चप्पल घातली आणि सोमाटण्याला लेकाकडे निघून गेले. अकरा वर्षं झाली. भाऊंनी फोन केले, ते उचलले गेले नाहीत. एकदा दारापर्यंत गेले आणि बेल न वाजवता परत आले.

मी बटण दाबलं. सोमाटण्याच्या त्या फोनवर संदेश गेला असणार, ‘या दुकानाचे मालक म्हणून आपल्याला जोडण्यात येत आहे. स्वीकारा किंवा नाकारा.’ आमच्या पडद्यावर नामदेव या नावापुढे एकच शब्द उमटला, ‘प्रलंबित’.

‘‘म्हंजे?’’

‘‘म्हणजे अजून काही कळवलं नाही.’’

‘‘नाकारलं तर दिसंल का हितं?’’

‘‘दिसेल.’’

मग ते रोज सकाळी स्वतःचं दुकान उघडायच्या आधी माझ्याकडे यायला लागले. दारात उभं राहून विचारायचे, ‘‘काय म्हनतंय?’’ मी म्हणायचे, ‘‘प्रलंबित.’’ ते मान हलवून जायचे. दरम्यान ऑर्डरी सुरू झाल्या. ठाण्याची, बोरिवलीची, एक तर थेट बंगळूरची. मी आनंदाने सांगायला गेले की भाऊ ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, ‘‘आन् त्ये?’’

बाराव्या दिवशी मी संगणक लावला आणि इंद्रायणीचं पान उघडलं. आम्ही तिथे लिहिलं होतं, ‘इंद्रायणी तांदूळ. चांगला.’ भाऊंनी एवढंच सांगितलं होतं. ते गेलं होतं. त्याजागी होतं, ‘मावळातली इंद्रायणी, यंदाच्या सुगीची. तांदूळ नवा आहे, पाणी बेताने घालावे. धुतल्यावर थोडा वेळ निथळत ठेवावा. भात मऊ होतो, पण शीत शिताला चिकटून गोळा होत नाही.’ खाली बारीक अक्षरात, ‘शेवटचा बदल : नामदेव, मालक.’

मी पळत जाऊन भाऊंना हाक मारली. ते आले, चष्मा लावला आणि एकेका शब्दाखाली बोट धरून वाचायला लागले. पुन्हा वाचलं. ‘मालक’पाशी बोट जरा जास्त थांबलं.

‘‘फोन करा त्यांना, आत्ता उचलतील,’’ मी म्हणाले.

‘‘नगं. घाई नगं.’’ त्यांनी धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला. ‘‘आंबेमोहोराचं पान काडा.’’

मी काढलं.

‘‘तितं कायतरी चुकीचं लिवा.’’

‘‘चुकीचं? भाऊ, गिऱ्हाइकं वाचतात ते!’’

‘‘लय येळ न्हाई ऱ्हायचं. अण्णांच्यानं चूक बघवत न्हाई.’’

मी लिहिलं, ‘आंबेमोहोर. पाणी चौपट घालावे.’ भाऊंनी वाचलं, समाधानाने मान हलवली आणि माझं स्टूल ओढून पडद्यासमोर बसले. शेजारी त्यांच्या दुकानापुढे कुणीतरी पिशवी घेऊन उभं होतं.

‘‘भाऊ, गिऱ्हाईक आलंय तुमच्याकडे.’’

‘‘थांबंल त्ये,’’ ते म्हणाले. नजर पडद्यावरून काढली नाही.